नखी आणि मनगट

वार्षिक अंकासाठीं कांहीं तरी लिहून पाठवा असा निरोप शाळेकडून आला, तेव्हां पिंपळगांव बसवंतच्या कांद्याच्या बाजारावर लिहावें असें प्रथम आमच्या मनांत आलें होतें. परंतु कांद्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत व ते आमच्याहून जाणते आहेत. गेलीं चार वर्षें ज्या गोष्टीनें आम्हांस स्वस्थ झोंप लागूं दिली नाहीं, ती म्हणजे विजेची गिटार व तिच्यावर नखीनें भरभर सूर काढण्याची विद्या. ही विद्या आम्हांस अद्याप पुरती आलेली नाहीं. ती शिकतां शिकतां आमचें मनगट कसें गेलें व पुन्हां कसें परत आलें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. ज्या पालकांच्या घरीं असें एखादें वाद्य येऊन बसलें असेल, त्यांस हा मजकूर कदाचित् उपयोगी पडेल.

हें वाद्य वाचकांनीं स्नेहसंमेलनांत अगर चित्रपटांत पाहिलें असेलच. परंतु त्याचा आवाज कोठून येतो हें फार थोड्यांस ठाऊक असतें. सतारीस भोपळा असतो, साध्या गिटारीस पोकळ पेटी असते. विजेच्या गिटारीचें अंग बहुधा भरीव लांकडाचें असतें. तिच्या तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं केंसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचीं हजारों वेटोळीं असतात. पोलादी तार हालली कीं त्या वेटोळ्यांत विजेचा अति सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धक त्यास मोठा करतो. अमेरिकेंत लॉस एंजल्स येथें रिकनबॅकर यांच्या कारखान्यांतून १९३२ सालीं या जातीची गिटार विक्रीस आली. तिचें अंग वाटोळें व दांडा लांब असल्यामुळें लोक तिला तळण्याचा तवा म्हणत. या रचनेंत एक गोम आहे. चांगला सूर जसा मोठा होऊन बाहेर पडतो, तसाच नखीचा चुकीचा घसरा, शेजारच्या तारेस लागलेला धक्का, हाताचा कंप, हेंहि सारें मोठें होऊन बाहेर पडतें. ही गोम आम्हांस फार उशीरा कळली.

आमच्या घरीं गिटार आली ती द्राक्षांच्या पैशांतून. पिंपळगांव हें निफाड तालुक्यांतलें, मुंबई-आग्रा रस्त्यावरचें गांव. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षें यांवर येथील घरें चालतात. आणि ज्या वर्षीं तीं चालत नाहींत, त्या वर्षीं घरांत गिटारीचें नांव काढण्याची कोणाची छाती होत नाहीं. आमची बाग दीड एकराची. त्या वर्षीं गारपीट चुकली, माल बरा निघाला, आणि आण्णांनीं नाशिकहून एक वापरलेली गिटार व एक लहानसा ध्वनिवर्धक आणून ओट्यावर ठेवला. किंमत त्यांनीं आजवर सांगितलेली नाहीं. आई म्हणाली, "अहो, पोराला अजून वाजवतां येत नाहीं, अन् तुम्ही वाजंत्री घेऊन आलात!" आण्णा एवढेंच म्हणाले, "शिकेल. नाहीं शिकला तर विकूं." त्यांच्या दृष्टीनें तो साधा व्यवहार होता. आमच्या डोक्यांत मात्र तें दुसरें वाक्य घर करून राहिलें, व आमच्या पुढील उतावळेपणाचें मूळ बहुधा तेथेंच असावें.

गांवांत या वाद्याचा कोणी शिक्षक आम्हांस ठाऊक नव्हता. मोबाइलवर निरनिराळ्या देशांचे वादक दिसत. त्यांचीं बोटें एवढीं जलद चालत कीं तीं दिसतच नसत. आम्हीं ठरविलें कीं आपणहि असेंच वाजवावयाचें, आणि तेंहि दिवाळीपर्यंत.

ज्यांनीं हें वाद्य हातीं धरलेलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. नखी म्हणजे तीन कोनांचा, प्लास्टिकचा लहानसा तुकडा. दुकानदार तिला पिक म्हणतात; आम्हांस सतारवाल्यांचा नखी हाच शब्द अधिक आवडतो. पूर्वीं ती कांसवाच्या कवचाची करीत. तीं कांसवेंच नाहींशीं होऊं लागल्यामुळें १९७० नंतरच्या दशकांत त्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी झाली. अंगठा आणि तर्जनीची कड यांमध्यें नखी धरावयाची, टोंक दोनतीन मिलिमीटरच बाहेर ठेवावयाचें, आणि तार एकदां खालीं व एकदां वर अशी छेडावयाची. नुसतें खालींच छेडीत राहिलें तर प्रत्येक सुरामागें हात रिकामा वर न्यावा लागतो; अर्धे श्रम फुकट. म्हणून एक खालीं, एक वर, ही जलद वादनाची पहिली पायरी. मेट्रोनोम नांवाच्या यंत्राची टक्-टक् मिनिटास ६० ठेवून प्रत्येक ठोक्यास ४ सूर वाजविले, तर सेकंदास ४ सूर होतात. १२० ठेवली तर ८ होतात. १६० वर गेलें कीं सेकंदास दहांहून अधिक. म्हणजे एका सुराच्या वांट्यास सेकंदाचा दहावा हिस्साहि येत नाहीं. ज्या वादकांना पाहून आम्ही वेडे झालों होतों, ते या आंकड्याच्याहि पुढें जात.

आतां आमची चूक सांगतों. शाळा, शिकवणी आणि बागेंतलें काम आटोपून गिटार हातीं घेईपर्यंत रात्र होई. रात्रीं घर निजलेलें. दिवसां सवड मिळाली तर भारनियमनामुळें वीज नाहीं. तेव्हां ध्वनिवर्धकावांचूनच आम्ही वाजवीत बसूं. विजेची गिटार विजेवांचून वाजविली तर तिचा आवाज डांसाच्या गुणगुणण्याएवढा निघतो. तो आपल्यालाच ऐकूं यावा म्हणून आम्ही नखी घट्ट धरून तारेवर सपासप मारूं लागलों. एक महिना, दोन महिने, सहा महिने. वेग वाढे तशी मूठ आवळे, मूठ आवळे तसें मनगट लांकडासारखें होई, आणि मनगट हालेना म्हणून आम्ही कोंपरापासून हात हालवूं लागलों. दुखे, परंतु दुखणें म्हणजे मेहनतीची पावती अशी आमची समजूत होती. ही समजूत आम्हांस कोणीं दिली हें आठवत नाहीं; तालमींत जाणाऱ्या मित्रांकडून आली असावी.

बारावीच्या वर्षीं स्नेहसंमेलनांत आम्हीं वादन केलें. शेवटीं एक अति जलद तुकडा ठेवला होता. ध्वनिवर्धक चांगला मोठा होता, आणि त्या मोठ्या आवाजांत आमचे सहा महिने उघडे पडले. डावा हात पुढें गेला, उजवा मागें राहिला. नखी तारेंत अडकली. सुटली ती दोन तारांवर एकदम पडली. आम्ही थांबलों नाहीं, कारण थांबावें कसें हेंहि आम्हांस येत नव्हतें. श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या. गडबड म्हणजेच या वाद्याचें संगीत, असें त्यांतील पुष्कळांस वाटलें असावें. घरीं येतांना गाडीवर मागें बसलेली आई म्हणाली, "गाणं मला कळलं नाहीं. पण शेवटीं तुझं तोंड दांत दुखतो तसं झालं होतं." आण्णा कांहींच बोलले नाहींत. आम्हांस मात्र "विकूं" हा शब्द साऱ्या वाटेंत ऐकूं येत होता.

दुसऱ्या दिवसापासून पेन धरवेना. आठवड्यानें आई आम्हांस नाशिकला डॉक्टरांकडे घेऊन गेली. स्नायूंस हाडाशीं बांधणाऱ्या ज्या दोऱ्या असतात, ज्यांस कंडरा म्हणतात, त्यांस सूज आली होती. डॉक्टरांनीं सहा आठवडे वाद्यास हात लावूं नये असें सांगितलें. आम्ही उठणार तोंच आईनें आपला उजवा हात टेबलावर ठेवला व हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माझंहि इथंच दुखतं. पंधरा वर्षं झालीं." डॉक्टरांनीं तिचें मनगट दाबून पाहिलें आणि तिलाहि तेंच सांगितलें, सहा आठवडे विश्रांति. आई हंसली. आमच्या बागेची विरळणी चार दिवसांवर आली होती.

सहा आठवडे विश्रांति आम्हीं घेतली. तिनें घेतली नाहीं.

ज्यांच्या घरीं द्राक्षें नाहींत त्यांस विरळणी म्हणजे काय हें सांगितलें पाहिजे. फळछाटणीनंतर घड बाहेर पडतात, व मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले कीं प्रत्येक घडांतले जादा मणी व पाकळ्या लहान कात्रीनें कापून काढाव्या लागतात. तसें न केलें तर मणी एकमेकांस दाबून बारीक राहतात व आंतून सडतात. घड डोक्याच्या उंचीवर लोंबत असतात. म्हणजे सबंध दिवस हात वर. एकेका वेलीवर कितीतरी घड आणि एकरांत शेंकडों वेली. या कामासाठीं पेठ-सुरगाण्याकडून बायकांच्या टोळ्या निफाड-दिंडोरीच्या बागांत उतरतात. आमची छाटणी त्या वर्षीं उशीरा झाल्यामुळें विरळणी पौषांत आली, आणि आई नेहमींप्रमाणें टोळीबरोबर ओळींत उभी राहिली. आम्हांस कात्री धरवत नव्हती, म्हणून पाणी देणें व कॅरेट हालविणें एवढेंच काम आमच्याकडे आलें. पुष्कळसा वेळ आम्ही बांधावर बसून राहूं.

तेथें बसून, दुसरें कांहीं करण्याजोगें नसल्यामुळें, आम्ही हात पाहूं लागलों. प्रथम दिसला तो नुसता वेग. कात्रीचा आवाज पत्र्यावर पाऊस पडावा तसा एकसारखा येत होता. तिसऱ्या दिवशीं वेगाच्या आंतलें दिसूं लागलें. कात्रीचीं पातीं मण्याच्या देंठाएवढींच उघडत होतीं, त्याहून एक केंसभरहि जास्त नाहीं. कापल्यावर हात मागें येत नव्हता. कात्री घडाच्या आंतच राही व तेथल्या तेथें पुढच्या देंठावर वळे. आणि सर्वांत मोठी गोष्ट, डावा हात उजव्याच्या आधीं चाले. उजवा कापीत असतांनाच डाव्या हाताचीं दोन बोटें घड किंचित् फिरवून पुढची पाकळी समोर आणून ठेवीत, म्हणजे कात्री बंद होऊन उघडली कीं देंठ तिच्या तोंडांत हजर. नवी आलेली एक मुलगी आमच्या आईहून अधिक झटके देत होती, तिची कात्रीहि अधिक वाजत होती, आणि तिची ओळ मागें होती.

त्या रात्रीं आई गरम पाण्यांत मीठ टाकून त्यांत मनगट बुडवून बसली असतां आम्हीं तिला विचारलें, "आई, तूं कात्री एवढी सैल कां धरतेस? पडत नाहीं?"

"पडते कधीं कधीं. मग उचलायची," ती म्हणाली. "पहिलीं पांच वर्षं घट्ट धरली, म्हणून तर हें दुखणं लागलं. घट्ट धरली कीं दुपारपर्यंत हात भरून येतो, मग संध्याकाळची ओळ होत नाहीं. मला कोणी सांगितलं नाहीं. तुझा बाबा तरी तुला कुठून सांगणार, त्याला ती तुझी सतार कुठं येते!"

आईच्या तोंडीं गिटार हा शब्द बसत नसे. ती तिला सतारच म्हणे. परंतु तिच्या या चुकीनें आम्हांस एक वाट सुचली. नाशिकला सतार शिकविणारे एक वृद्ध गुरुजी होते. सहा आठवडे संपल्यावर आम्ही गिटार न घेतां, नुसते हात घेऊन त्यांच्याकडे गेलों. त्यांनीं आम्हांस वाद्याला हातच लावूं दिला नाहीं. सतारीवर तर्जनींतील नखी आंत ओढून काढलेला तो 'दा', बाहेर ढकलून काढलेला तो 'रा', आणि दोन्ही भरभर जोडले म्हणजे 'दिर'. हे बोल तोंडानें म्हणावयाचे, हातानें टाळी द्यावयाची. विलंबित मसीतखानी गतीचा ठराविक बोल, दिर दा दिर दा रा दा दा रा, आम्हीं पंधरा दिवस नुसता म्हटला. जलद रजाखानी गत पुढची. "जें तोंडांत अडखळतं तें बोटांत सरळ येईल कसं?" असें ते म्हणत. गिटारीवरचें खालीं-वर तें हेंच दा-रा आहे हें आम्हांस तेथें कळलें. मुंबईंत जन्मलेले तबलावादक झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' या वाद्यवृंदांत १९७० नंतरच्या दशकांत वाजविणारे इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या नखीचा वेग जगांत नांवाजलेला आहे. त्यांनींहि दक्षिणेकडील तोंडानें ताल म्हणण्याची पद्धति, कोन्नकोल, आवर्जून अभ्यासिली. साता समुद्रांपलीकडच्या माणसानें जें आपल्याकडून घेतलें, तें घ्यावयास आम्हांस स्वतःचें मनगट मोडावें लागलें, याची थोडी लाज वाटली.

मग आम्हीं मेट्रोनोम ६० वर लावला व एका तारेवर प्रारंभ केला. वीज नसली तर गिटारीचें शिंग लांकडी कपाटास टेंकवून बसावें, म्हणजे कपाट तिचा आवाज वाढवितें व तारेवर मारावें लागत नाहीं. ही युक्ति पहिल्याच वर्षीं सुचली असती तर हा लेख लिहावा लागला नसता. नखी एवढीच धरली कीं कोणीं हलकेंच ओढली तर हातांतून निघून यावी. पहिल्या महिन्यांत ती अनेक वेळां खालीं पडली. मग उचलायची.

एका तारेवर वेग येणें फारसें अवघड नाहीं. खरी अडचण एका तारेवरून दुसरीवर जातांना येते, आणि याविषयीं लिहिणारे लोक तें स्पष्ट करून सांगत नाहींत, म्हणून आम्ही सांगतों. समजा, जाड तारेवर तीन सूर आहेत: खालीं, वर, खालीं. तिसऱ्या आघातानंतर नखी त्या तारेच्या व पुढच्या बारीक तारेच्या मध्यें येऊन पडते. आतां नियमाप्रमाणें पुढचा आघात वरचा हवा; परंतु त्यासाठीं नखीनें बारीक तारेवरून उडी मारून तिच्या पलीकडे गेलें पाहिजे. स्नेहसंमेलनांत आमची नखी अडकली ती नेमकी येथें. यावर दोन उपाय आहेत. एक, उडी मारूंच नये. खालचा आघात तसाच पुढें चालवून त्याच ओघांत बारीक तार छेडावी. हाच ओघ चारपांच तारांवरून झाडूसारखा नेला कीं त्यास झाडणें म्हणतां येईल. मात्र त्या वेळीं डाव्या हाताचें प्रत्येक बोट सूर निघतांच सैल करावें लागतें, नाहीं तर सारे सूर एकांत एक मिसळून गोंगाट होतो. दुसरा उपाय अधिक सूक्ष्म. ट्रॉय ग्रेडी नांवाच्या अमेरिकन वादकानें निष्णात लोकांच्या हातांजवळ कॅमेरा लावून त्यांचीं चित्रें संथ करून पाहिलीं. त्यांत असें दिसलें कीं त्यांची नखी तारांच्या पातळीशीं समांतर हालतच नाहीं. ती थोडी तिरपी चालते, म्हणून एका दिशेच्या आघातानंतर आपोआप तारांच्या वर निघून येते, व तेथून पाहिजे त्या तारेवर उतरते. कोणत्या आघातानंतर ती वर येते हें ओळखून सूर मांडले कीं उडीचा प्रश्नच उरत नाहीं. हें पाहतांना आम्हांस आईची कात्री आठवली. तीहि सरळ मागें येत नसे. घडाच्या आंत तिरपी फिरे.

हा अभ्यास फार कंटाळवाणा आहे हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आठवड्यास आंकडा दोनांनीं वाढतो, कधीं वाढत नाहीं, कधीं उतरतो. हात आवळूं लागला कीं थांबावयाचें व आंकडा कमी करावयाचा, असा करार आम्हीं स्वतःशीं केला आहे, आणि तो पाळणें हें सुरांपेक्षांहि कठीण जातें. आण्णांनीं विकण्याची गोष्ट पुन्हां काढलेली नाहीं. मध्यंतरीं एका वर्षीं अवकाळी पावसानें मणी तडकले, तेव्हां आम्हींच ती काढली. आण्णा म्हणाले, "वापरलेल्या वस्तूचे किती येणार? राहूं दे."

यंदाच्या विरळणीला दुपारनंतरची आईची ओळ आम्ही धरली. आमचा हात तिच्या निम्म्यानेंहि चालत नाहीं व टोळींतल्या बायका आम्हांस हंसतात. ती कांहीं घरीं बसली नाहीं. आमच्या मागून येऊन आम्हीं सोडलेल्या पाकळ्या काढते. रात्रीं आम्ही कपाटास टेंकून वाजवीत असलों म्हणजे मिठाच्या पाण्यांत हात बुडवून बसल्या बसल्या ती विचारते, "आज किती?" सुरांचें तिला कळत नाहीं, आंकड्याचें कळतें.

परवां आम्हीं सांगितलें, "एकशें बारा."

"काल एकशें सोळा होतं ना?"

"होतं."

"मग?"

"काल शेवटीं हात घट्ट झाला होता."

"बरं," ती म्हणाली, आणि दुसरा हात पाण्यांत घातला.